पेटीतली कोरी नाणी: घासण्याआधी आणि विकण्याआधी

चवथ जवळ आली की पेडणे-डिचोलीतल्या घरांत तांब्यापितळेची भांडी बाहेर निघतात. समया, तांबे, ताम्हणे, घागरी यांना चिंच किंवा सोले लावून घासले जाते, धुऊन उन्हात ठेवले जाते. कित्येक घरांत याच रांगेत देवघरातल्या डब्यातली जुनी नाणीही येऊन बसतात. त्यांत पोर्तुगीज राजाचे डोके असलेली चांदीची रुपिया असते, तांब्याचे पाव तांग असते, तारवटी मामांनी बोटीवरून आणलेली नाणी असतात. आणि काही घरांत अमेरिकेतल्या नातलगाने चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी भेट म्हणून पाठवलेले, प्लास्टिकच्या पाकिटात बंद असलेले चकचकीत नाणेसंचही सापडतात.

मग प्रश्न सुरू होतात. यांचे किती मिळतील? कोणाला दाखवायचे? मोबाइलवर तर एका नाण्याला लाखो रुपये देतो म्हणतात, ते खरे का? परदेशी नाणी घरात ठेवलेली चालतात का? लिस्बनला किंवा आखाताला जाणाऱ्या मुलाबरोबर ती पाठवता येतील का?

हे सगळे प्रश्न योग्य आहेत, फक्त ते बहुधा उशिरा विचारले जातात. नाणे घासून झालेले असते, पाकीट फोडलेले असते, नाहीतर अनोळखी माणसाला फोनवरून पैसे गेलेले असतात. संग्राहक नाण्याच्या वयाला जितके मोल देतो, त्याहून अधिक ते त्याच्या अस्पर्श अवस्थेला देतो. म्हणून आधी ओळख, मग जपणूक आणि त्यानंतरच विक्रीचा विचार, हा क्रम पाळला तर नुकसानीची बरीचशी कारणे दूर होतात.

आधी पाहा: तुमच्याकडे नेमके काय आहे?

टेबलावर पांढरा मऊ कपडा पसरा. हात धुऊन कोरडे करा. नाणे कायम कडेने, अंगठा आणि तर्जनीत धरा. पृष्ठभागाला बोट लागू देऊ नका. मग नाण्यांचे चार गट करा.

- पोर्तुगीज अमदानीतली गोव्याची नाणी: यांवर 'इंडिया पोर्तुगेझा' किंवा 'एस्टाडो दा इंडिया' अशी अक्षरे रोमन लिपीत असतात.
- ब्रिटिश भारताची आणि स्वतंत्र भारताची नाणी: राणी छाप, राजा छाप रुपये, नंतरचे नवे पैसे आणि स्मारक नाणी.
- परदेशी नाणेसंच: अमेरिकन, पोर्तुगीज, आखाती, विशेषतः मूळ पाकिटात बंद असलेले.
- त्याहून जुनी नाणी: शिवराई, आदिलशाही, कदंबकालीन किंवा अक्षरे न लागणारी.

शेवटचा गट आपल्या भागात अनपेक्षित नाही. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल पोर्तुगिजांकडे गेले ते १७८० च्या दशकात. त्याआधी इथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता आणि मराठी मुलखातले चलन फिरत होते. डिचोली तालुक्यातल्या नार्वे येथील सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंबांचा कुलदेव. त्याच्या कृपेने वर लाभल्याचा उल्लेख कदंब राजांच्या सोन्याच्या नाण्यांवरच कोरलेला आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये याच देवाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. असे नाणे तुमच्याकडे असल्याचा संशय आला, तर बाजाराचा विचार बाजूला ठेवून थेट जाणकार अभ्यासकाकडे किंवा पणजीच्या पुरातत्त्व खात्याकडे जा.

'कोरे' नाणे म्हणजे नवे दिसणारे नाणे असे समजू नका

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. इंग्रजीत ज्याला 'अनसर्क्युलेटेड' म्हणतात ते नाणे टांकसाळीतून निघाल्यावर व्यवहारात कधीच फिरलेले नसते. बाजारात त्याला 'यूएनसी' म्हणतात. पन्नास वर्षांत ते काळवंडले असले तरी कोरेच राहते. उलट घासून लखलखीत केलेले, पण चार हातांतून फिरलेले नाणे कोरे होत नाही.

ओळखण्याची घरगुती रीत सोपी आहे. नाणे कडेने धरून दिव्याखाली हळूहळू तिरके करा. कोऱ्या नाण्यावर प्रकाशाची एक पट्टी चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरताना दिसते. ठसा मारताना धातू ज्या दिशेने वाहिला त्याच्या सूक्ष्म रेषांमुळे हे घडते. आता नाण्याचे सर्वांत उंच भाग पाहा: राजाच्या कानावरचे केस, गाल, भुवई. तिथे ती पट्टी तुटत असेल आणि करडा सपाट डाग दिसत असेल, तर नाणे वापरलेले आहे. घासलेल्या नाण्यावर चमक असते, पण ती पट्टी फिरत नाही. भिंगाखाली एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसतात.

'प्रूफ' हा तिसरा प्रकार. तो संग्राहकांसाठीच बनतो. घासून पॉलिश केलेल्या ठशांनी, एकाहून अधिक वेळा दाब देऊन तो छापला जातो. त्याची पार्श्वभूमी आरशासारखी असते आणि त्यावरचे चित्र बहुधा दुधी दिसते. कोरा संच आणि प्रूफ संच यांचे भाव वेगळे असतात. विकणारा 'प्रूफ' म्हणाला म्हणून तो प्रूफ ठरत नाही.

नाण्याची अवस्था १ ते ७० या अंकांत मोजतात. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये ही पद्धत मांडली. ६० आणि त्यापुढचे नाणे कोरे मानले जाते. ६३ आणि ६७ यांतला फरक साध्या डोळ्यांना जेमतेम कळतो, पण किमतीत तो अनेक पटींचा असू शकतो.

अमेरिकेतून आलेले संच: कोणते थांबून पाहावेत

अमेरिकेची टांकसाळ १९४७ सालच्या नाण्यांपासून असे कोरे संच विकत आली आहे. प्रत्येक नाणे कुठल्या टांकसाळीत बनले हे त्यावरच्या छोट्या रोमन अक्षरावरून कळते: 'डी' म्हणजे डेन्व्हर, 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, 'डब्ल्यू' म्हणजे वेस्ट पॉइंट. फिलाडेल्फियाच्या जुन्या नाण्यांवर बहुधा अक्षरच नसते. १९८० पासून सेंट सोडून इतर नाण्यांवर 'पी' दिसू लागतो.

सन पाहा आणि तुमचा संच खालीलपैकी कशात बसतो ते ठरवा.

- १९४७ ते १९५८: हे संच पुठ्ठ्याच्या चौकटीत, प्रत्येक नाण्याच्या दोन प्रतींसह येत. १९५० मध्ये संच निघालाच नाही. पुठ्ठ्यातल्या गंधकामुळे नाण्यांवर निळी, जांभळी, सोनेरी छटा चढते. ती घाण समजून पुसू नका. काही संग्राहक त्याच छटेसाठी जास्त पैसे मोजतात. मूळ पुठ्ठा आणि लिफाफा यांनाही मोल आहे.
- १९५९ ते १९६४: दोन टांकसाळींची प्रत्येकी पाच, अशी एकूण दहा नाणी, पारदर्शक पाकिटांत. दर्शनी मूल्य फक्त १.८२ डॉलर. पण यातले अर्धा डॉलर, पाव डॉलर आणि डाइम (दहा सेंटचे नाणे) ९० टक्के चांदीचे. या सहा नाण्यांचे वजन ४२.५ ग्रॅम, म्हणजे शुद्ध चांदी ३८.२५ ग्रॅम. त्या दिवसाचा चांदीचा भाव गुणिले ३८.२५ ही या संचाची धातूपुरती किंमत. तिच्याखाली देऊन टाकण्याचे कारण नाही.
- १९६५ ते १९६७: 'स्पेशल मिंट सेट'. नाण्यांवर टांकसाळीचे अक्षर नाही. चांदी फक्त अर्ध्या डॉलरमध्ये आणि तीही ४० टक्के.
- १९७०: हा संच बारकाईने पाहा. त्यातला 'डी' अक्षराचा केनेडी अर्धा डॉलर चलनासाठी सोडलाच नव्हता; तो संचातच मिळाला. त्यात ४० टक्के चांदी, म्हणजे ४.६ ग्रॅम शुद्ध चांदी आहे.
- १९७३: आयझेनहॉवर डॉलर या वर्षी सर्वसाधारण चलनासाठी निघाला नाही. कोऱ्या संचात तो आहे.
- १९८२ आणि १९८३: टांकसाळीने नेहमीचा कोरा संच काढला नाही. या सनाचे पाकीट 'अधिकृत मिंट सेट' म्हणून कोणी दाखवले तर सावध व्हा.
- १९९६: या संचात 'डब्ल्यू' अक्षराचा जादा डाइम आहे. पाकिटातून तो काढून घेतलेला नाही ना, हे पाहा.

एक संच हातात घेऊन पाहू. १९७० चे पाकीट ट्यूबलाइटखाली धरा. सर्वांत मोठे नाणे केनेडींच्या चेहऱ्याचे. त्यांच्या मानेखाली, सनाच्या वर, भिंगातून 'डी' दिसतो का? आता शेजारच्या पाव डॉलरची कड पाकिटातूनच जेवढी दिसेल तेवढी पाहा. तिथे तांब्याची लालसर रेघ दिसेल, कारण १९६५ पासून पाव डॉलर आणि डाइम तांब्यावर निकेल-मिश्रधातूचा थर देऊन बनू लागले. ९० टक्के चांदीच्या नाण्याची कड एकसारखी पांढरी असते. हे सारे पाकीट न फोडता कळते.

बाकीचे, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांतले बहुतेक संच लाखोंच्या संख्येने निघाले आणि लोकांनी ते जपूनही ठेवले. त्यामुळे त्यांना फारसा भाव नाही. परकीय चलन बदलून देणारी दुकानेही सहसा नाणी घेत नाहीत. असा संच घरी असेल तर तो पाठवणाऱ्या नातलगाची आठवण म्हणून ठेवा, मुलांना दाखवा. केवळ 'पन्नास वर्षे जुना' म्हणून त्यावर मोठ्या रकमेची आशा बांधू नका, आणि कोणी त्याच आधारावर चढा भाव सांगून तुम्हाला विकायला आला तर घेऊही नका.

गोव्याची नाणी: राजा, प्रजासत्ताक, एस्कुदो

पेडणे-डिचोलीच्या घरांत अमेरिकन संचांहून अधिक सापडतात ती ही नाणी. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर गोव्याचे चलन ब्रिटिश भारताच्या चलनाशी जुळवले गेले. तेव्हाची रुपिया वजनाने आणि शुद्धतेने ब्रिटिश रुपयासारखीच ठेवली: ११.६६ ग्रॅम, चांदी सुमारे ९१.७ टक्के. एका रुपियाचे तांग सोळा.

- १८८१, १८८२: दों लुईश राजाची रुपिया. नाव लॅटिन वळणाने 'लुडोविकस' असे लिहिलेले.
- १९०३, १९०४: दों कार्लुश राजाची चांदीची रुपिया. त्याचीच १९०१ आणि १९०३ ची तांबूस नाणी, तांगाच्या बाराव्या भागापासून अर्ध्या तांगापर्यंत, घरोघर आढळतात.
- १९१२: राजेशाही संपल्यानंतरची रुपिया; त्यावर राजाऐवजी प्रजासत्ताकाचे नाव.
- १९३५: पुन्हा चांदीची रुपिया, १२ ग्रॅमची.
- १९४७: रुपिया १२ ग्रॅमचीच, पण चांदी ५० टक्क्यांवर आलेली.
- १९५२: रुपियात चांदी उरली नाही, तांबे-निकेलचे नाणे.
- १९५८ ते १९६१: रुपिया जाऊन एस्कुदो आला. सहा एस्कुदोंची एक रुपिया, म्हणून ३ आणि ६ एस्कुदो अशी आज विचित्र वाटणारी नाणी. त्यांच्याबरोबर १०, ३० आणि ६० सेंताव्ह.

यातली एस्कुदो-सेंताव्ह नाणी १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा लोकांच्या हातात होती. त्यामुळे वापरलेली नाणी पुष्कळ उरली आहेत. खरोखर कोरी, पट्टी फिरणारी नाणी मात्र कमी. आजोबांनी मुक्तीच्या सुमारास नव्या नाण्यांची पुडी तशीच बांधून ठेवली असेल, तर ती पुडी ही मोठी गोष्ट आहे. ती सोडवून नाणी भावंडांत वाटून टाकण्याआधी पूर्ण पुडीचे फोटो काढा.

चिंच, सोल आणि डाख: तीन मोठे घात

चिंच आणि कोकमाचे आम्ल समईवरचा काळा थर काढते, कारण ते धातूचा वरचा पापुद्रा खाते. समई जाड असते, तिला फरक पडत नाही. नाण्यावरचा ठसा मात्र केसाएवढा उंच असतो. एका घासणीत तो पापुद्रा जातो आणि त्याबरोबर फिरती चमकही जाते. ती परत आणण्याचा उपाय जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत नाही.

दुसरा घात डाखाचा. पूर्वी रुपिया माळेत ओवायला तिला कडी डाखून घेत. कडी काढली तरी कडेवर खूण राहते आणि संग्राहकाच्या लेखी ते नाणे 'दागिन्यातून काढलेले' ठरते. घरात अशी माळ असेल तर ती माळ म्हणूनच जपा. सोनाराकडून कड्या काढून घेऊ नका.

तिसरा घात मऊ प्लास्टिकचा. कपाटात ठेवल्यावर ज्या थैल्यांना वास येतो, त्या पीव्हीसीच्या असतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांतून निघणारे द्रव्य नाण्यावर हिरवट चिकट थर चढवते.

जपण्यासाठी एवढे करा:

- पीव्हीसी नसलेले कडक किंवा मायलारचे होल्डर वापरा. प्रत्येक नाणे वेगळे ठेवा.
- डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्याआधी बदला.
- डबा भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवू नका. ओल तिथे आधी पोचते.
- लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लावण्यासाठी एकच, आधीच वापरलेले नाणे ठरवून ठेवा. बाकीची नाणी बंद डब्यातच राहू द्या.
- टांकसाळीचे मूळ पाकीट, पुठ्ठा, माहितीपत्रक आणि टपालाचा लिफाफा फेकू नका.

किंमत काढण्याच्या पाच पायऱ्या

1. मोजा: सराफाकडच्या दोन दशांशांच्या काट्यावर वजन घ्या. ११.६६ ग्रॅमची रुपिया झिजून थोडी कमी भरेल. ९ ग्रॅमच भरली तर ती संशयास्पद आहे. (पाकिटबंद संच मोजण्यासाठी फोडू नका.)
2. धातूची किंमत लिहा: वजन गुणिले शुद्धता गुणिले त्या दिवसाचा प्रति ग्रॅम भाव. चांदीच्या नाण्याची ही तळाची किंमत.
3. नाणे कोशात शोधा: अमेरिकन नाण्यांसाठी 'अ गाइड बुक ऑफ युनायटेड स्टेट्स कॉइन्स' हा कोश लाल मुखपृष्ठामुळे 'रेड बुक' म्हणून ओळखला जातो. इतर देशांसाठी क्राउझे यांचा जागतिक नाणेकोश आणि इंटरनेटवरचा न्युमिस्टा कोश पाहा. कोशातला भाव म्हणजे विक्रेत्याचा भाव. तुमच्या हाती त्याहून कमी पडणार.
4. झालेली विक्री पाहा: संकेतस्थळावर कोणीही पाच लाख मागू शकतो. तेच नाणे, त्याच अवस्थेत, प्रत्यक्षात कितीला गेले ते लिलावांच्या निकालांत शोधा.
5. दोन स्वतंत्र मते घ्या: पहिल्या दुकानदाराने सांगितलेला आकडा दुसऱ्याला सांगू नका.

पीसीजीएस (स्थापना १९८६) आणि एनजीसी (१९८७) या अमेरिकन संस्था नाणे तपासून, अंक देऊन सीलबंद करतात. याला शुल्क, वाहतूक आणि विमा लागतो. साध्या संचावर हा खर्च करू नका. नाणे दुर्मीळ आहे असे दोन जाणकारांनी सांगितले तरच त्या वाटेला जा.

विकायचेच असेल तर

- स्थानिक विक्रेता किंवा बाजार: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुनी नाणी मांडलेली दिसतात. पैसे लगेच मिळतात, पण भाव बहुधा सर्वांत कमी. एकेक नाणे निवडून देऊ नका. चांगली तेवढी उचलली जातात आणि उरलेली तुमच्याकडे राहतात.
- नाणेप्रदर्शने: मुंबई, पुणे, बेंगळुरू या शहरांत भरतात. एकाच दिवसात अनेक विक्रेत्यांची मते मिळतात. आधी फोटो घेऊन जा, नाणी दुसऱ्या फेरीत न्या.
- लिलाव संस्था: दुर्मीळ नाण्यासाठी योग्य मार्ग. विक्रेत्याकडून घेतले जाणारे कमिशन, राखीव किंमत, विम्याची जबाबदारी, न विकल्यास परतीचा खर्च आणि पैसे मिळण्याची मुदत हे पाच मुद्दे आधी लेखी घ्या.
- संग्राहकाला थेट: भाव चांगला मिळू शकतो, पण ओळखीच्या माणसाच्या मध्यस्थीनेच आणि पैसे बँकेतून घेऊन.

एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. मोठी विक्री असेल तर आधी सनदी लेखापालाशी बोला.

फसवणूक कशी होते

मोबाइलवर जाहिरात दिसते: वैष्णोदेवीचे नाणे द्या, लाखो रुपये घ्या. तुम्ही फोटो पाठवता. पलीकडचा माणूस लगेच सौदा पक्का करतो आणि मग नोंदणी शुल्क, जीएसटी, रिझर्व्ह बँकेचे कमिशन असे एकेक पैसे मागत राहतो. वैष्णोदेवीची ५ आणि १० रुपयांची नाणी २०१२ मध्ये सरकारनेच काढली आहेत. त्यांत कुबेराचे धन नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना देऊन स्पष्ट केले आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, अशी अट आली की बोलणे तिथेच थांबवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर गुन्हे मदतक्रमांकावर फोन करा.

बनावट वस्तूंत दोन नेहमीच्या आहेत. राम दरबार किंवा हनुमान असलेले, १८१८ सालाचे 'ईस्ट इंडिया कंपनीचे' नाणे कंपनीने कधीच पाडले नाही. ते नंतर बनवलेले टोकन आहे. आणि अमेरिकेचा जुना मॉर्गन डॉलर खरा असेल तर २६.७३ ग्रॅमच्या आसपास भरतो. किनारपट्टीवर पर्यटकाकडून 'स्वस्तात' मिळालेला डॉलर आधी काट्यावर ठेवा. चुंबकाला चिकटला तर तो चांदीचा नाहीच. मात्र चिकटला नाही म्हणून खराही ठरत नाही.

कायदा: तुमचे हक्क आणि मर्यादा

- परदेशी नाणी बाळगणे: परकीय चलनविषयक नियमांनुसार परदेशी नाणी कितीही बाळगता येतात. परदेशी नोटांना मात्र मर्यादा आहे. अमेरिकन संचांबद्दल घाबरण्याचे कारण नाही.
- शंभर वर्षांवरील नाणी: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावस्तू ठरते. वारशाने आलेले असे नाणे घरात ठेवणे गुन्हा नाही. पण पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. विकताना परवाना पाहा आणि पावती घ्या.
- देशाबाहेर नेणे: पुरावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला निघाला म्हणून कार्लुश राजाची रुपिया त्याच्या बॅगेत घालून मोपा विमानतळावर पाठवू नका. गुन्ह्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. १९३५ ची रुपिया अजून या व्याख्येत येत नाही. ती शंभरीला २०३५ मध्ये पोचेल.
- जमिनीत सापडलेली नाणी: नोव्हेंबर २०२३ मध्ये सत्तरीतल्या नानोडा गावात मातीच्या भांड्यात ८३२ तांब्याची नाणी सापडली आणि ती सरकारपुढे आली. तुमच्या बागायतीत असे काही निघाले तर भांडे हलवू नका, धुऊ नका, वाटू नका. फोटो काढा आणि मामलेदार कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. दडवून ठेवलेल्या ठेव्याबाबत देशात १८७८ पासून कायदा आहे.
- वारसांचा हिस्सा: गोव्यात वारसा आणि वाटणी २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्याने होते. पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेची पद्धत आणि मुलांचा राखीव हिस्सा त्यात आहे. वडिलांच्या पश्चात त्यांचा संग्रह एका भावाने परस्पर विकला तर पुढे वाद होतो. किमती संग्रहाची नोंद वाटणीच्या यादीत करा आणि विक्रीआधी सर्व वारसांची लेखी संमती घ्या.
- खरेदीत फसगत: विक्रेत्याने 'कोरे' म्हणून घासलेले किंवा बनावट नाणे दिले तर ग्राहक म्हणून तक्रारीचा हक्क आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक. पावतीवर नाण्याचे सन, धातू, अवस्था आणि 'अस्सल' हा शब्द लिहून घेतलेला असला की तक्रार उभी राहते.

आज संध्याकाळी करण्याचे काम

एक वही घ्या. खिडकीच्या उजेडात पांढऱ्या कागदावर ठेवून प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ते नाणे कुठून आले तेही लिहा. आजी सांगेल ते वाक्य पुढच्या पिढीला कोशात सापडणार नाही, आणि वाटणीच्या वेळी किंवा लिलावाच्या टेबलावर नाण्याचा माग दाखवायला तेच उपयोगी पडेल. नोंद अशी असावी:

*क्र. ४. चांदीची रुपिया, सन १९१२. वजन ११.५८ ग्रॅम. घासलेली नाही, कडी नाही. कानाजवळ झीज. पणजोबांना भाताच्या विक्रीत मिळाली, आजीने १९६१ पासून देवघरात ठेवली. शंभर वर्षांवरील, देशाबाहेर न्यायची नाही.*

*क्र. ५. अमेरिकन कोरा संच, सन १९७०. मूळ लिफाफ्यासह. अर्ध्या डॉलरवर 'डी' अक्षर पाहिले. पाकीट फोडलेले नाही.*